रस्त्याचा नंबर बदलला, जबाबदारी कोणाची?

भंडाऱ्यात वडीलधारी माणसे आजही हायवेला ‘सहा नंबर’ म्हणतात. कागदावर मात्र हा सहा नंबरचा हायवे भंडाऱ्यात उरलेला नाही. २०१० मध्ये केंद्र सरकारने देशभरातील राष्ट्रीय महामार्गांना नव्याने क्रमांक दिले, तेव्हा आपला रस्ता ५३ झाला. आज ६ क्रमांकाचा महामार्ग मेघालय, आसाम आणि मिझोराममधून जातो.

त्याही आधी, इंग्रजांच्या काळात, नागपूरहून भंडाऱ्यामार्गे रायपूरकडे जाणाऱ्या या वाटेला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. पुढे तो हजिरा ते कोलकाता असा राष्ट्रीय महामार्ग ६ झाला. आता ५३ हजिऱ्याहून निघतो आणि ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत जातो. म्हणजे लोकांच्या तोंडी ‘कोलकाता हायवे’ असला, तरी नव्या क्रमांकाप्रमाणे तो कोलकात्याला जातच नाही.

नव्या क्रमांकांमागे साधा नियम आहे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे आणि उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे. तीन आकडी क्रमांक असेल तर शेवटचे दोन आकडे मूळ रस्ता सांगतात. साकोलीहून गडचिरोलीकडे जाणारा ३५३-सी हा ५३ चाच फाटा आहे, हे नंबर वाचूनच कळते.

कोणी म्हणेल, नंबराने काय फरक पडतो? खड्डा तर तोच आहे. फरक पडतो, कारण नंबर हा जबाबदारीचा पत्ता आहे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे, राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण रस्ते बहुतेक जिल्हा परिषदेकडे आणि शहरातले रस्ते नगरपरिषदेकडे. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगडही हेच सांगतो. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा आणि हिरवा राज्य महामार्गाचा. चुकीच्या दारात दिलेला अर्ज कितीही कळकळीने लिहिलेला असला, तरी तो तिथेच पडून राहतो.

भंडाऱ्यात हा प्रश्न आता अधिक जवळचा झाला आहे. वर्षानुवर्षे जड ट्रक जिल्हा परिषद चौक आणि त्रिमूर्ती चौकातून वैनगंगेवरच्या कारधा पुलाकडे जात. शाळेची मुले, सायकलवाले, जुम्याला निघालेले म्हातारे, सगळे त्याच गर्दीत. आता शहराला वळसा घालणारा बायपास झाला. जीव वाचतील, याचा आनंदच आहे. पण बायपास झाला की दोन प्रश्न उभे राहतात. शहरातल्या जुन्या रस्त्याचे दिवे, गटारे आणि खड्डे यापुढे कोण बघणार? आणि त्या रस्त्यावरच्या ट्रकांवर ज्यांची चूल पेटत होती, त्या टायरवाल्यांनी, गॅरेजवाल्यांनी, चहाच्या टपरीवाल्यांनी काय करायचे? त्यांत आपल्या समाजाची कितीतरी घरे आहेत. बायपासला विरोध हे त्याचे उत्तर नाही. जुन्या रस्त्यावर बाजार, पार्किंग आणि पदपथ कसे असावेत हे नगरपरिषदेसमोर मांडणे, हे उत्तर आहे.

तिसरी गोष्ट कागदांची. जुन्या खरेदीखतात किंवा वक्फच्या नोंदीत चतुःसीमा लिहिताना ‘राष्ट्रीय महामार्ग ६’ असा उल्लेख असू शकतो. आज तो रस्ता ५३ आहे, आणि बायपासनंतर शहरातल्या भागाची ओळख आणखी बदलू शकते. २०२५ मध्ये वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी ‘उमीद’ पोर्टल सुरू झाले. तिथे कब्रस्तानची किंवा मस्जिदची सीमा जुन्याच नंबरावर लिहिली गेली, तर उद्याच्या वादात तोच कच्चा दुवा ठरेल. म्हणून जुना आणि नवा, दोन्ही क्रमांक लिहा. सोबत गट क्रमांक, मोजणीचा नकाशा आणि सातबारा जोडा.

रस्ता रुंद होताना जमीन जाते, तेव्हाही हेच. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ प्रमाणे भूसंपादनाच्या अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावा लागतो, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. हरकत घेण्यासाठी २१ दिवस मिळतात. ती जाहिरात बारीक अक्षरात असते आणि तिच्यात गावाचे नाव, गट क्रमांक आणि महामार्गाचा नंबर असतो. घरात ती वाचणारा कोणीच नसेल, तर बावीसाव्या दिवशी मोर्चा काढून फारसे काही हाती लागत नाही. आपल्याकडे भावना लवकर पेटते, पण फाइल उशिरा उघडते. हे उलटे व्हायला हवे.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे ही ईमानची एक शाखा आहे, ही हदीस आपण लहानपणी मदरशात पाठ केली. दगड उचलून बाजूला ठेवणे हा तिचा साधा अर्थ. आजच्या शहरात अंधारा चौक, उघडे गटार आणि झेब्रा पट्टे नसलेली शाळेसमोरची जागा हेही रस्त्यातले त्रासच आहेत, आणि ते अर्जाशिवाय हटत नाहीत. शिवाय त्या रस्त्यावरून सगळ्याच धर्माची माणसे चालतात, म्हणून हे काम फक्त आपल्या मोहल्ल्यापुरते नाही.

तेव्हा चार-पाच मित्रांनी मिळून एवढे करा. आपल्या मोहल्ल्याजवळच्या रस्त्याचा आजचा क्रमांक आणि त्याची देखभाल करणारे कार्यालय कोणते, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते उत्तर मस्जिदच्या आणि वॉर्डाच्या फलकावर लावा. पुढचा अर्ज मग बरोबर दारात जाईल.