‘सावळी असली तरी…’

घरात नात जन्मते, पाहायला माणसे येतात आणि कुणीतरी वडीलधारे म्हणून जाते, ‘सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे हो!’ बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते. परंतु त्यातला ‘तरी’ त्या मुलीबरोबर वाढत जातो. शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि पुढे स्थळ पाहण्याच्या बैठकीत तो तिला पुन्हा भेटतो.

टोनी मॉरिसन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची ‘द ब्लूएस्ट आय’ ही पहिली कादंबरी १९७० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील पेकोला ही मुलगी देवाजवळ निळे डोळे मागते. तसे डोळे असते, तर आपल्यावर माया झाली असती, अशी तिची समजूत असते. मालकाच्या गोऱ्या मुलीला कुरवाळणारी तिची आई पोटच्या लेकीला मात्र झिडकारते. अखेर पेकोलाचे मनच ढळते. बाहेरच्या जगाचा तिरस्कार घरच्यांच्या तोंडून आला, की मुलाला आसरा उरत नाही, हे मॉरिसन दाखवतात.

अमेरिकेतील वर्णभेदाचा इतिहास वेगळा आहे. मुलाच्या मनाला होणारी जखम मात्र ओळखीची आहे. उमरीच्या शिवारात भर उन्हात सोयाबीन-कापूस राखणाऱ्यांच्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असते. ते उन्हातील अतिनील किरणांपासून शरीराचे रक्षण करते. सावळा वर्ण हा आजार नव्हे. तो मुख्यतः आनुवंशिक असतो. गरोदरपणी केशर घेतल्याने बाळ गोरे होत नाही.

तरीही गोरेपणाचा बाजार मोठा आहे. १९७५ साली आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला तो २०२० साली. याहून घातक असतात ती चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमे. चार दिवस चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते, पुरळ उठतात, लव वाढते, ऊन सोसवत नाही. काही क्रीममध्ये पारा असतो व तो मूत्रपिंडावर आघात करतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. नात असे काही लावत असेल, तर रागावू नका. ट्यूब सोबत घेऊन तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. स्टेरॉइड कसे थांबवायचे, हे त्यांनाच ठरवू द्या. पायांवर वा डोळ्यांभोवती सूज दिसली, लघवीला फेस येऊ लागला, तर विलंब नको.

आजी-आजोबांनो, औषधाइतकेच सामर्थ्य तुमच्या शब्दांत आहे. दोन नातींच्या रंगाची तुलना टाळा. उन्हात खेळणाऱ्या मुलीला ‘काळी पडशील’ म्हणण्याऐवजी ‘पाणी पी, टोपी घाल’ म्हणा. कुणी तिच्या रंगावर बोलले, तर तिच्यादेखत तिची बाजू घ्या. आणि लहानपणी ऐकलेला असा शब्द तुमच्याही मनात सलत असेल, तर एकदा तो नातीला सांगून टाका. तुम्हालाही हलके वाटेल.

आषाढीला आपण पंढरीच्या सावळ्या विठ्ठलापुढे हात जोडतो. त्याचे रूप वर्णिताना कुणी कधी ‘सावळा असला तरी’ म्हणत नाही. मग घरच्या लेकरालाच तो ‘तरी’ कशासाठी?