नॉकआउट, पण कोणता?

‘इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फाचे नॉकआउट उंदीर वापरले’ या एका वाक्यात कार्यपद्धती उरकणारे निबंध आमच्याकडे नेमाने येतात. यापुढे आम्ही ते परत पाठवणार आहोत. ही केवळ संपादकीय खोड नव्हे.

असा पहिला उंदीर १९९३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात लुबान, स्मिथीज, कोराच आणि सहकाऱ्यांनी तयार केला. या रिसेप्टरशिवाय गर्भ तगणार नाही, असा तोवरचा समज होता. पिल्ले जन्मली, वाढली. मात्र नर-मादी दोन्ही वंध्य निघाले. मादीचे नवल नव्हते. नराचे कोडे हेस यांच्या गटाने १९९७ मध्ये सोडवले. वृषणातून निघणाऱ्या बारीक नलिका शुक्राणूंसोबत वाहून येणारा द्रव शोषून घेतात आणि त्यासाठी त्यांना हा रिसेप्टर लागतो. शोषण थांबले की द्रव तुंबतो, दाब मागे वृषणावर येतो आणि ते झिजत जाते. शुक्राणू घडवणाऱ्या पेशी निर्दोष होत्या. २००० मध्ये त्या सामान्य नराच्या वृषणात रोवल्या, तेव्हा त्यांच्यापासून पिल्ले झाली. एका जनुकाला हात लावून इतके स्वच्छ उत्तर क्वचितच मिळते.

पण याच वाणाने रक्तवाहिन्यांच्या अभ्यासकांना चकवले. मानेतील धमनीला इजा करून इस्ट्रोजेन दिले, तर या उंदरांतही धमनीची भिंत जाड होणे रोखले जात होते. म्हणजे अल्फाचा इथे संबंध नाही, असे १९९७ मध्ये वाटले. संशय नुकत्याच सापडलेल्या बीटा रिसेप्टरवर गेला. पण बीटा नसलेल्या उंदरांतही संरक्षण टिकलेच. गोम पहिल्या उंदराच्या घडणीत होती. त्यात जनुकाचा भाग कापला नव्हता, मध्ये परका तुकडा घुसवला होता. पेशी स्प्लायसिंगमध्ये तो तुकडा वगळून रिसेप्टरचे अपुरे, पण काही अंशी कामाचे प्रथिन बनवत राहिल्या. पुढे एक्सॉनच काढून टाकलेले पूर्ण नॉकआउट आले. २००२ मध्ये त्यांच्यावर तोच धमनीचा प्रयोग झाला आणि संरक्षण नाहीसे झाले. काम अल्फाचेच होते.

म्हणून निबंधात वाण कोणते, कोणता एक्सॉन काढला आणि प्रथिन खरोखर नाहीसे झाल्याचे कसे तपासले, हे लिहावे. तुलनेसाठी त्याच वेतातील सामान्य भावंडे घ्यावीत. दुसऱ्या पिंजऱ्यातले, वेगळ्या वंशाचे उंदीर चालणार नाहीत.

क्री-लॉक्स वापरणाऱ्यांना आणखी एक विनंती. जनुक हव्या त्या वयात बंद करण्यासाठी सर्रास टॅमॉक्सिफेन टोचले जाते. हे औषध स्वतःच इस्ट्रोजेन रिसेप्टरला चिकटते आणि उंदराच्या गर्भाशयात तर इस्ट्रोजेनसारखेच वागते. लैंगिक संप्रेरकांच्या प्रयोगात याची दखल न घेणे आम्हाला अनाकलनीय वाटते. टॅमॉक्सिफेन दिलेला, पण जनुक शाबूत असलेला गट आणि शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस थांबलात, या दोन्ही गोष्टी निबंधात नसतील, तर तो परीक्षकांकडे जाणार नाही.