मन वळवा, पण आधी रजा द्या!



क्षयरोगी औषध अर्धवट का सोडतो? सध्या याचे एक तयार उत्तर ऐकू येते : त्याची मनोवृत्ती बदलली पाहिजे. त्यासाठी वर्तनशास्त्र पुढे आले आहे. मोबाइलवर आठवणीचे संदेश, गोळ्यांच्या पाकिटात दडवलेल्या क्रमांकावर मिस्ड कॉल, घरोघर प्रबोधन. या शास्त्राला आमचा विरोध नाही. रोगाचे खापर रोग्याच्याच माथी फोडायला मात्र सक्त विरोध आहे.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर ‘बीपाल्म’ ही चार औषधांची उपचारपद्धती केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. वीस महिन्यांपर्यंत लांबणारा उपचार सहा महिन्यांवर आला. त्याचे स्वागतच आहे! पण त्यातील लिनेझोलिडमुळे रक्त कमी होऊ शकते, हातापायांना मुंग्या येऊ शकतात. रुळांवर राबणाऱ्या ट्रॅकमनने किंवा दिवसभर पायपीट करणाऱ्या पोस्टमनने याबद्दल विचारले, तर तो त्याचा हक्क आहे. त्याला अडाणी ठरवू नका.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. एरवी ६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण होई. शिबिरे ठरल्या दिवशी भरू लागताच ते १८ टक्के झाले. प्रत्येक लसीमागे किलोभर डाळ दिल्यावर ३९ टक्के झाले. साहेबलोकांना यात फक्त डाळ दिसते. आम्हाला आधीची पायरी दिसते : सेवा वेळेवर दारात आली, एवढ्यानेच प्रमाण तिप्पट झाले! आणि रोजगार बुडवून आलेल्या आईला ती डाळ म्हणजे थोडीफार भरपाईच.

मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितले. गोळीच नाही, तर आठवण कशाची करून देणार? पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत; नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. म्हणजे दिवसाला ३३ रुपये! यात रोग्याने अंडी घ्यावीत की दूध?

कंत्राटी सफाई कामगाराचा खाडा झाला की रोज बुडतो. त्याने दवाखाना निवडावा की चूल? हा प्रश्न मनोवृत्तीचा नाही, मजुरीचा आहे.

म्हणून आमची मागणी : उपचारकाळात कंत्राटी कामगारांसह सर्वांना पगारी रजा, परतल्यावर हलके काम, औषधांचा अखंड साठा आणि दुष्परिणामांची माहिती कामगाराच्या भाषेत. प्रत्येक शाखेने तसा ठराव करून प्रशासनाकडे पाठवावा. एवढे करा, मग खुशाल आमचे मन वळवायला या!