वेगळी चूल मांडावी काय?

ज्या आज्ञावलीचा मूळ लेख सर्वांस वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास मोकळा असतो, तिला 'ओपन सोर्स' म्हणतात, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. अशी आज्ञावली इतरांनीं रचलेले अनेक भाग उसने घेते. उसना भाग सदोष निघाल्यास त्याची निराळी शाखा आपण चालवावी, म्हणजे 'फोर्क' करावा, कीं मूळ कर्त्यांसच साहाय्य करावें?

ओपन-एसएसएलचें उदाहरण घेऊं. इंटरनेटवरील मजकूर गुप्त राखण्याचें काम हा भाग करितो. इ. स. २०१४ च्या एप्रिल महिन्यांत त्यांत 'हार्टब्लीड' नामक दोष उघडकीस आला. दोन वर्षें तो तेथें दडून होता, आणि त्यायोगें लोकांचे पासवर्डहि परक्याच्या हातीं पडूं शकत होते. त्याच महिन्यांत ओपन-बीएसडीच्या मंडळीनें 'लिब्रे-एसएसएल' ही वेगळी चूल मांडली. त्यांचेपाशीं तें काम पेलणारे अनुभवी हात होते. परंतु पुढें मूळ प्रकल्पासहि द्रव्य व माणसें मिळून तो सुधारला. अल्पाइन लिनक्सनें नवी शाखा स्वीकारली होती, तें २०१९ मध्यें मूळ शाखेकडे परतलें. व्हॉइड लिनक्सनें २०२१ मध्यें तेंच केलें. इतर आज्ञावल्या मूळ शाखेस धरून लिहिल्या जात, व त्या नव्या शाखेशीं जुळविण्याचें काम वारंवार अंगावर पडे.

कोणी म्हणतील, परावलंबन घातक आहे. २०१६ मध्यें 'लेफ्ट-पॅड' हा अवघ्या ११ ओळींचा भाग कर्त्यानें काढून घेतांच असंख्य प्रकल्पांचें काम अडलें. खरें आहे, परंतु त्यावर उपाय नक्कल जपून ठेवणें हा होय. नक्कल ठेवणें निराळें आणि शाखा चालविणें निराळें.

आमच्या मतें प्रथम दोष मूळ कर्त्यांस कळवावा व दुरुस्ती करून पाठवावी. कर्ते काम सोडून गेले असतील किंवा दुरुस्ती नाकारीत असतील, आणि वर्षानुवर्षें सांभाळ करण्याचें बळ आपणांपाशीं असेल, तरच फोर्क करावा. शुभवर्तमानांतील निष्फळ अंजिराच्या झाडाचा दृष्टांत विद्यार्थ्यांनीं आठवावा. माळ्यानें एका वर्षाची मुदत मागितली, ती खणण्याचें व खत घालण्याचें काम स्वतःच्या शिरावर घेऊन. झाड तोडण्याचा विचार त्यानंतरचा. फुकट मिळालेल्या आज्ञावलीवर शिकणाऱ्या आमच्या मुलांनीं एवढे श्रम तरी अवश्य करावेत.