कोडी सोडवा, पण एकट्याने नको

‘डॉक्टर, रोज शब्दकोडे सोडवले की म्हातारपणी विस्मरण होत नाही म्हणतात. खरे का?’ हा प्रश्न दवाखान्यात मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. विचारणारे बहुधा निवृत्त शिक्षक असतात, नाही तर पोस्टातले किंवा तहसीलीतले जुने कर्मचारी. मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला, घरात म्हातारा-म्हातारी दोघेच, आणि सकाळचा वेळ घालवायला पेपरातली कोड्याची चौकट. काही मुले वडिलांना वाढदिवसाला कोड्यांचे जाडजूड पुस्तक देतात किंवा मोबाईलवर ‘बुद्धीचा व्यायाम’ करून देणारा खेळ भरून देतात आणि निर्धास्त होतात.

याचे उत्तर देण्याआधी वाचकांना एका नव्या खेळाची ओळख करून देतो. उत्तर त्या खेळातच आहे.

खोलीत कोंडून घेण्याचा खेळ

या खेळाला ‘एस्केप रूम’ म्हणतात. चार ते सहा जणांच्या गटाने तिकीट काढून एका सजवलेल्या खोलीत जायचे. कुठे जुन्या वाड्याचा देखावा असतो, कुठे तुरुंगाचा, कुठे गुप्तहेराच्या कचेरीचा. आत कुलपे, पेट्या, चित्रे, चिठ्ठ्या, आकडे. एका चिठ्ठीवरून दुसरा धागा, त्यावरून कुलपाचा आकडा, आणि साधारण तासाभरात बाहेर पडायचे. जपानमधील क्योटो शहरात ताकाओ कातो यांनी २००७ साली हा खेळ सुरू केला. पुढे तो जगभर पसरला आणि आपल्याकडे पुण्या-मुंबईत रुळला.

मागल्या दिवाळीत पुण्याला पुतण्याकडे गेलो असता आम्ही पाच जण अशा खोलीत शिरलो. पुतण्या, सूनबाई, त्यांची दहा वर्षांची मुलगी, गणित शिकवून निवृत्त झालेले माझे मेहुणे आणि मी. पुतण्या इंजिनियर. त्याने आत जाताच चारही कुलपे ताब्यात घेतली. मेहुणे कागद-पेन घेऊन बेरजा-वजाबाक्या करू लागले. एका पेटीच्या तीन आकडी कुलपाशी दोघे पंधरा मिनिटे अडले. मी खुर्चीवर बसून पाहत होतो. ‘जूनमध्ये एकतीस तारीख कशी?’ असे ती पोर दोनदा बोलली. तिच्याकडे कुणी पाहिले नाही. तिसऱ्यांदा बोलली तेव्हा सूनबाई म्हणाली, ‘अहो, जरा थांबा. ती काय म्हणते ते ऐका तरी.’

भिंतीवर जून महिन्याचे कॅलेंडर होते आणि त्यात खरोखरच ३१ तारीख छापलेली होती. सहावा महिना, एकतिसावी तारीख. ६३१ लावले आणि कुलूप उघडले. पुढे शेवटचे एक कुलूप राहिले आणि तास संपला, ती गोष्ट वेगळी. पण त्या पंधरा मिनिटांत मला रोज दवाखान्यात दिसणारे घर दिसले.

हुशार माणूस की हुशार गट?

एका वेळी माणसाच्या मनात जेमतेम चार-पाच सुट्या गोष्टी धरून ठेवता येतात. खोलीत वस्तू असतात पन्नास. म्हणून एकाने कितीही डोके चालवले तरी ते अपुरे पडते. सापडलेली वस्तू मोठ्याने बोलून दाखवली तर ती सगळ्यांच्या मनात जाते. खिशात ठेवली तर एकाच्याच.

त्यातून घड्याळ पळत असते. नाडी वाढते, हात घामेजतात. थोडा ताण असला की डोके तरतरीत होते, फार झाला की नजर अरुंद होते आणि माणूस तीच ती चूक पुन:पुन्हा करतो. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ सालीच उंदरांवरील प्रयोगांतून ताण आणि शिकणे यांचा असा संबंध दाखवला होता. अडकलेल्याला स्वत:चे अडकणे कळत नाही, ते शेजारी उभ्या असलेल्याला दिसते.

अनिता वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. ६९९ माणसांचे दोन ते पाच जणांचे गट करून त्यांना निरनिराळी कोडी व कामे दिली. गटात एक फार हुशार माणूस असला म्हणजे गट सरस ठरतो, असे फारसे दिसले नाही. जिथे सगळ्यांना बोलायची पाळी मिळत होती आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणारी माणसे होती, ते गट सरस ठरले. आपल्याकडे ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ म्हणतात. पण त्या चिंध्या एकत्र शिवल्या तर गोधडी होते, हेही आपल्याच घरातले ज्ञान आहे.

घरातले घड्याळ

आता आरोग्याचा मुद्दा. रुग्णासोबत पाच माणसे येतात आणि बोलतो एकच, घरातला कर्ता. त्याला बहुधा सगळ्यांत कमी माहिती असते, कारण तो दिवसभर बाहेर असतो. सासऱ्यांचे जेवण कधीपासून कमी झाले ते सुनेला ठाऊक असते. आजोबा रात्री किती वेळा उठतात ते शेजारी झोपणाऱ्या नातवाला ठाऊक असते. पण ती दोघे दाराशी उभी.

नाव-गाव सांगत नाही, पण एका घरात सकाळी सात वाजता चहा पिताना आजोबांच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळाला. नातीने पाहिले, सांगितलेही. ‘झोप झाली नसेल,’ म्हणून मोठ्यांनी तिला गप्प केले. आजोबांना दवाखान्यात आणले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. उजवा हात पूर्ण लुळा होता.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. निवडक रुग्णांत त्यानंतरही काही उपचार होतात, पण जितका उशीर तितके नुकसान. मोठी रक्तवाहिनी बंद पडली असता मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. रामटेकहून नागपूर सुमारे पन्नास किलोमीटर. गाडी मिळणे, रस्ता, दाखल होणे, स्कॅन हे सारे धरले तर घरात घालवायला वेळ उरतच नाही.

तेव्हा चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात वर न राहणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी खूण घरातल्या कुणालाही, अगदी लेकरालाही, दिसली तर ताबडतोब १०८ क्रमांकाला फोन करावा. माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ कागदावर लिहावी. तोंडाने पाणी, चहा, गोळी काही देऊ नये. त्या घरातल्या मुलीने कोडे सोडवले होते. ऐकणारे कुणी नव्हते.

मग कोड्यांनी विस्मरण टळते का?

नुसत्या कोड्यांनी टळते, असा भक्कम पुरावा नाही. कोडी सोडवून माणूस मुख्यत: कोडी सोडवण्यात तरबेज होतो. मोबाईलवर बुद्धीचे खेळ विकणाऱ्या ‘लुमोसिटी’ने म्हातारपणचे विस्मरण लांबवण्याचा दावा जाहिरातीत केला होता. त्याला पुरेसा आधार नसल्याचा ठपका ठेवून अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने कारवाई केली आणि २०१६ साली कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले.

‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणे सांगितली. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर ही ओळखीची नावे त्यात आहेतच. पण आपण ज्यांकडे लक्ष देत नाही अशी दोन कारणेही आहेत: कमी ऐकू येणे आणि एकटेपणा. ही दोन्ही एकमेकांची भावंडे. ऐकू येत नाही म्हणून माणूस बैठकीतून उठतो, आणि उठला की एकटा पडतो. आपला रामगिरी म्हणजे मेघदूतातल्या यक्षाची जागा, असे अनेक अभ्यासक मानतात. बोलायला माणूस नसले की ढगाशी बोलावे लागते, हे रामटेककरांना वेगळे सांगायला नको.

म्हणून वडिलांना कोड्याचे पुस्तक जरूर द्या, पण सोडवायला शेजारी बसा. त्याआधी त्यांचे कान तपासून घ्या.

बाहेरची वाट आधी

महाभारतातले लाक्षागृह आठवा. विदुराने सांकेतिक बोलीत दिलेला इशारा युधिष्ठिराने ओळखला, खणणाऱ्याने भुयार तयार केले, आणि आग लागली तेव्हा कुंतीसह पाचही पांडव बाहेर पडले. वाट आधी तयार होती म्हणून सगळे वाचले.

पोलंडमधील कोशालिन येथे ४ जानेवारी २०१९ रोजी एस्केप रूममध्ये वाढदिवस साजरा करायला गेलेल्या पाच मुली आगीच्या वेळी आतच अडकल्या आणि धुराने गेल्या. सगळ्या पंधरा वर्षांच्या. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनला आग लागून पंचवीसहून अधिक माणसे दगावली. तिथला खेळ वेगळा होता, पण बाहेर पडण्याच्या वाटेचा प्रश्न तोच.

म्हणून मुले सहलीला जाऊन असा खेळ खेळणार असतील तर पालकांनी तीन प्रश्न बेधडक विचारावेत. दार आतून, किल्लीविना उघडते का? वीज गेली तर कुलूप आपोआप सुटते का? दुसरी वाट कुठे आहे? उत्तर देताना माणूस चाचरला तर पैसे परत घ्यावेत. नुकताच हृदयविकार झालेल्यांनी, बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी आणि दमेकऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. लुकलुकणारे दिवे असतील तर फेफरे येणाऱ्यांनी जाऊ नये.

घरच्या घरी

या खेळासाठी पुण्याला जाण्याची गरज नाही. उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडे आली की घरातच मांडता येतो.

१. एक पेटी, एक आकडी कुलूप आणि सहा-सात चिठ्ठ्या पुरेत. चिठ्ठ्यांतली कोडी घरातल्या म्हाताऱ्यांनी तयार करावीत. गडाच्या दरवाजांची नावे, अंबाळ्याचे घाट, खिंडसीचा तलाव, जुन्या ओव्या-उखाण्यांतले अर्थ हे त्यांनाच ठाऊक असते.

२. दार उघडेच ठेवावे. कुलूप पेटीला, माणसांना नाही.

३. ज्याला जे दिसेल ते त्याने मोठ्याने सांगायचे.

४. दर दहा मिनिटांनी सगळे थांबतील आणि घरातला सर्वांत लहान माणूस आधी बोलेल, त्यानंतर सून, शेवटी कर्ता.

५. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्या समोर, चेहरा दिसेल असे बसून बोलावे. मागून ओरडू नये.

यांतला चौथा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो खेळापुरता ठेवू नका. घरात कुणी आजारी पडले की दवाखान्यात निघण्यापूर्वी दोन मिनिटे तो पाळा, आणि ज्याने पहिल्यांदा काही वेगळे पाहिले त्यालाच डॉक्टरांसमोर बसवा.