विश्लेषण : घराजवळचे झाड धोकादायक कधी ठरते? तोडणे हाच उपाय आहे का?

जुलै 2017 मध्ये चेंबूर येथे रस्त्याने जाणाऱ्या महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळून तिचा मृत्यू झाला. ते झाड काढावे, असा अर्ज आधीच करण्यात आला होता. परवानगी मिळाली नव्हती. अशा दुर्घटनेनंतर ‘जुनी झाडे तोडा’ आणि ‘एकाही झाडाला हात लावू नका’ अशी दोन टोके समोर येतात. उत्तर मात्र प्रत्येक झाडाच्या तपासणीत आहे.

धोका कसा ओळखायचा?

झाड केवळ जुने, वाकलेले किंवा पोकळ आहे म्हणून धोकादायक ठरत नाही. लहानपणापासून कललेले झाड अनेक दशके उभे राहू शकते. मात्र झाड अचानक कलणे, बुंध्याजवळची माती उचलली जाणे, खोडावर अळंबी उगवणे, फांदीच्या बेचक्यात चीर पडणे ही लक्षणे गंभीर आहेत. झाडाखाली काय आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. मोकळ्या माळावर चालून जाईल असा दोष शाळेच्या फाटकाजवळ चालत नाही.

झाडे कमकुवत का होतात?

बुंध्यापर्यंत ओतलेले काँक्रीट मुळांचे पाणी आणि हवा तोडते. केबल, गटारांसाठी खोदलेल्या चरांत आधार देणारी मुळे कापली जातात. एकाच बाजूने केलेल्या छाटणीमुळे तोल जातो. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला, तो यामुळेच.

कायदा काय सांगतो?

राज्यातील नागरी भागांत 1975 चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे. परवानगीविना झाड तोडता येत नाही. झाडाला इजा करणेही ‘तोडणे’च मानले जाते. मात्र मृत, रोगट किंवा जीवितास धोकादायक झाड हटवण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

तोडण्याआधी काय करता येते?

वाळक्या फांद्या काढणे, भार हलका करणे, खालचे बाकडे किंवा वाहनतळ हलवणे. सरसकट शेंडा छाटणे मात्र घातक. तिथे फुटणारे नवे धुमारे खोडाला घट्ट धरलेले नसतात. तरीही धोका उरला तर झाड काढावे आणि तिथेच जागेला साजेसे दुसरे लावावे.

रहिवाशांनी काय करावे?

छायाचित्रांसह लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. मुंबईत तातडीच्या वेळी 1916 वर कळवावे. नकार मिळाल्यास कारणे लेखी मागावीत.

पालिकांनीही तपासणी मे महिन्याच्या अखेरीस नव्हे, तर हिवाळ्यातच सुरू करावी आणि प्रत्येक झाडाचा निष्कर्ष जाहीर करावा. झाड निरोगी असल्याचा निर्वाळा देणाऱ्याने त्याखाली सही केली, तर पाहणी उरकण्याची सवय मोडेल. त्यात माणसेही वाचतील आणि झाडेही.