दहा अनवाणी, एक बूटवाला

कोलकात्याच्या पोस्टिंगमध्ये माझा सकाळचा फेरफटका मैदानावरून व्हायचा. हे मैदान लष्कराच्या ताब्यातलं आहे, हे कोलकात्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. फोर्ट विल्यमच्या तोफांसमोर मोकळी जागा हवी म्हणून इंग्रजांनी ते मोकळं ठेवलं, आणि आजही मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग या क्लबांची मैदानं त्याच जमिनीवर आहेत. म्हणजे एका अर्थाने आम्ही फौजी मोहन बागानचे घरमालक! (फोर्ट विल्यमचं नाव आता ‘विजय दुर्ग’ झालंय, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून. आम्ही होतो तेव्हा जुनंच नाव होतं.)

मी कोल्हापूरचा. त्यामुळे फुटबॉल म्हणजे काय, हे मला कोलकात्यात शिकावं लागलं नाही. पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडले की घराघरात दोन तट पडतात, हे बघतच मोठा झालो. बाकी महाराष्ट्राने मला माफ करावं, पण क्रिकेटपलीकडचं हे वेड आपल्याकडे कोल्हापूरकरांनाच कळतं. म्हणूनच असेल, शेजारच्या क्वार्टरमधल्या बंगाली मेजरने एका पावसाळी रविवारी ‘एगारो’ हा बंगाली चित्रपट लावला, तेव्हा बायका-पोरं कंटाळून उठली आणि आम्ही दोघंच शेवटपर्यंत बसलो.

‘एगारो’ म्हणजे अकरा. अरुण रॉय यांचा हा चित्रपट २०११ मध्ये, म्हणजे त्या विजयाच्या शताब्दी वर्षात आला. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. हा चषक त्याआधी कुठल्याही भारतीय संघाने जिंकलेला नव्हता. वंगभंगाची जखम ताजी होती. आगगाड्या आणि आगबोटी भरभरून माणसं आली. गर्दीचे अंदाज साठ हजारांपासून लाखापर्यंत सांगतात. मागे उभ्या असलेल्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून स्कोअर पतंगांवरून कळवला जात होता. गोऱ्यांच्या जॅक्सनने पहिला गोल केला. सामना संपत आलेला असताना कर्णधार शिबदास भादुरीने बरोबरी साधली, आणि मग अभिलाष घोषने दुसरा गोल मारला. समोर पलटण, इकडे बाबू लोक, आणि तेही अनवाणी. सिनेमावाल्याला आणखी काय हवं?

चित्रपट संपला तेव्हा मेजरसाहेबांचे डोळे भरून आले होते. माझेही, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट मला खटकली आणि त्यावरून आमचा रात्री अकरापर्यंत वाद झाला. आपण या विजयाची गोष्ट ‘अनवाण्यांनी बूटवाल्यांना हरवलं’ अशी सांगतो. पण अकरापैकी दहाच अनवाणी होते. अकरावे रेव्हरंड सुधीर चॅटर्जी बूट घालून खेळले. गोष्ट सांगताना हा माणूस अडचणीचा ठरतो, म्हणून त्याचा उल्लेख तळटीपेसारखा येतो. मला मात्र त्या संघातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच वाटते. ज्याच्या पायाला जे सवयीचं, ते घालून तो खेळला. अनवाणी हे ना गरिबीचं प्रदर्शन होतं, ना देशभक्तीचं. लहानपणापासून तसेच खेळलेले, चेंडू तळव्याला ओळखणारे ते पाय होते. आणि एकाला बुटाची सवय होती, तर दहांसारखा दिसावा म्हणून कुणी त्याचे बूट काढायला लावले नाहीत.

हे मी इतक्या हिरिरीने का मांडतो, त्याला एक कारण आहे.

कॅप्टन होऊन वर्षही झालं नव्हतं. ईशान्येतली पोस्टिंग, पलटणीच्या फुटबॉल टीमची जबाबदारी माझ्याकडे. पोरं नागा, मिझो, मणिपुरी. पायात कॅनव्हासचे पीटी शूज, सरावाला कधी तेही नाहीत. ब्रिगेडच्या स्पर्धेत सगळ्यांना धूळ चारत आम्ही फायनलला पोहोचलो. फायनलला जनरलसाहेब येणार, म्हणून एका वरिष्ठांनी फर्मावलं की पोरं नीट दिसली पाहिजेत, सगळ्यांना स्टडचे नवे बूट द्या. बूट आले आदल्या संध्याकाळी. करकरीत, कडक. नव्या बुटांनी पायाचं काय होतं हे मला माहीत होतं. खडकवासल्याला एनडीएत पहिल्या महिन्यात माझ्या टाचांची जी सालं निघाली होती, ती मी विसरलो नव्हतो. तरी मी “येस सर” म्हणालो.

हाफ टाइमला आमचा लेफ्ट विंगर लंगडत आला. मोजा रक्ताने भिजलेला. “साब, पीटी शूज पहन लूँ?” एवढंच विचारलं त्याने. मी शामियान्याकडे पाहिलं. जनरलसाहेब चहा घेत होते. मी म्हणालो, नको, असाच खेळ. आणि तो खेळला. आम्ही हरलो. चहाच्या वेळी टर्नआउटचं मात्र कौतुक झालं.

हरण्याचं दुःख आठवड्यात विसरलो. त्या पोराला दिलेलं उत्तर अजून विसरलो नाही. एका मिनिटात सुटणारा प्रश्न होता. वरिष्ठांपुढे उभं राहायचं धाडस झालं नाही, एवढंच.

मेजरसाहेब म्हणाले, “मग तू अनवाणी पायांच्या बाजूचाच झालास की!” तेही नाही. वादाला खरी धार तिथून चढली.

१९११ नंतर अनवाणी पाय ही आपली शान झाली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी उतरले. कर्णधार होते डॉ. टी. आओ, नागा टेकड्यांमधून आलेले आणि मोहन बागानकडून खेळणारे. आमचा तो फुटबॉल, तुमचा बूटबॉल, असं उत्तर त्यांच्या नावावर सांगतात. फ्रान्सकडून आपण २-१ असे हरलो, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. लोक हळहळले, पण अनवाण्यांचं कौतुक वाढलंच. १९५१ मध्ये दिल्लीच्या एशियाडचं सुवर्णपदकही मिळालं. मग आलं हेलसिंकी, १९५२. थंडी, ओलसर गवत, आणि समोर युगोस्लाव्हिया. आपले बहुतेक खेळाडू पुन्हा अनवाणी. निकाल १०-१. त्यानंतर कुठे बूट सक्तीचे झाले. बूट घातलेला संघ चार वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि तिथे मूळ गोव्याच्या, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली.

म्हणजे १९११ च्या विजयातून आपण चुकीचा धडा काढला आणि तो चाळीस वर्षं गिरवला. शिबदासच्या संघाने पाय पाहून ठरवलं होतं. पुढच्यांनी शिबदासचा संघ पाहून ठरवलं.

फौजेत हा रोग नवा नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात नामका चूच्या काठावर आपले जवान सुती गणवेशात, कॅनव्हासच्या बुटांत, माणशी पन्नास गोळ्या घेऊन उभे होते. त्यांच्या शौर्याबद्दल एक अक्षर वावगं बोलण्याची माझी लायकी नाही. पण त्या शौर्याच्या कथा आपण इतक्या गहिवरून सांगतो की त्यांच्या पायात काय होतं आणि तेच का होतं, हा प्रश्न विचारणं जणू अपमान ठरतं. दुबळ्या संघाच्या विजयाचा सिनेमा मला आवडतो, पण त्याची भीतीही वाटते. साधनं नसली तरी चालतं, जिद्द पुरते, असं वरच्या खुर्चीत बसलेल्याला त्यातून वाटू शकतं. खाली उभ्या असलेल्याला तसं कधीच वाटत नाही.

आणि जिद्द म्हणाल, तर मोहन बागानकडे शिस्तही होती. क्लबचे सचिव सैलेन बसू स्वतः फौजेत सुभेदार मेजर होते. त्या शील्डमध्ये त्यांनी सेंट झेवियर्स, रेंजर्स, रायफल ब्रिगेड असे एकेक संघ काढले. मिडलसेक्स रेजिमेंटशी १-१ बरोबरी झाली, तेव्हा पुन्हा खेळून ३-० असा निकाल लावला. पलटणींच्या संघांशी सामन्यामागून सामने जिंकणाऱ्या संघाला फक्त नशिबाचा किंवा फक्त भावनेचा म्हणणं मला पटत नाही. मेजरसाहेबांना हे पटलं. बाकीचं नाही. बंगाल्याकडून आणि कोल्हापूरकराकडून फुटबॉलवर एकमताची अपेक्षा करू नये.

मागच्या हिवाळ्यात त्या लेफ्ट विंगरचा फोन आला. हवालदार होऊन निवृत्त झालाय, गावात पोरांना फुटबॉल शिकवतो. त्याची पोरं जिल्ह्याच्या फायनलला गेलीयत हे सांगायला फोन केला होता. वीस वर्षांत कधी जमलं नव्हतं, ते त्या दिवशी बोललो. त्या हाफ टाइमबद्दल माफी मागितली. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, “साब, वो दिन मेरा पैर बहुत दुखा था।” बस, इतकंच. विषय बदलायला मी विचारलं, पोरांना काय घालतोस, बूट की अनवाणी?

“बूट, साब। लेकिन एक महीना पहले से पहनाता हूँ।”